चालू स्थितीतला सिग्नल जनरेटर

यादोभाऊ गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली. तिच्या वर सूचना होती, सर्वांनी सत्राचे गुण दुपारपर्यंत भरावेत. तिच्या खाली कुणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाचा केक होता. मधे दोन ओळी : ‘आपल्या कॉलेजचे निवृत्त प्रयोगशाळा सहायक श्री. यादोराव यांचे दुःखद निधन. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ आडनाव लिहायचं राहून गेलं होतं, आणि ते कुणी विचारलंही नाही. पाच मिनिटांत तीस-पस्तीस जोडलेले हात जमा झाले. मीही दोन जोडले. खरं सांगायचं तर त्या वेळी माझे स्वतःचे हात पोह्यांना फोडणी देत होते, आणि बोटाला लागलेली हळद फोनच्या काचेवर उमटली. मग मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले... रडू आलं नाही. राग आला. तो कुणाचा, हे कळायला मला वेळ लागला नाही, कारण आठ वर्षं मी त्या रागाबरोबरच राहते आहे.

भंडाऱ्याहून बसनं लाखनीला जायचं, महामार्गावर उतरायचं आणि ट्रकांची धूळ खात दहा मिनिटं चालायचं, की आमचं पॉलिटेक्निक येतं. मी तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडे मोठी पदवी होती, छान नोट्स होत्या आणि सोल्डरिंग आयर्न कोणत्या टोकानं धरायचं एवढंच हाताला माहीत होतं. यादोभाऊ तिथं प्रयोगशाळा सहायक होते. मूळचे नाकाडोंगरीचे. तिथल्या खाणीत कामाला असलेल्या मामाच्या घरी एक बिघडलेला रेडिओ होता, तो उघडला तो पुन्हा बंद केलाच नाही, असं ते सांगत. पुढं लाखनीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, लग्न झालं, आणि रेडिओच लोकांच्या घरातून गेले तेव्हा कॉलेजात लागले. अंगात नेहमी पांढरा हाफ शर्ट, कमरेच्या पट्ट्याला लॅबच्या चाब्यांचा जुडगा. तो जुडगा साऱ्या लाखनीला माहीत होता. बाजारात गेले तरी त्यांच्या आधी त्याचा आवाज पोचायचा.

माझा पहिला तास सिग्नल जनरेटरवर होता. मी फळ्यावर व्याख्या लिहिली, आकृती काढली, साइन, स्क्वेअर, ट्रँगल अशा तीन लाटा रंगीत खडूनं काढल्या. पोरांनी उतरवून घेतलं. यादोभाऊ मागच्या भिंतीला टेकून ऐकत होते. तास संपल्यावर जवळ आले आणि मान खाली घालून म्हणाले, “म्याडमजी, राग नसन तं एक सांगू? पोरायले मेन गोष्ट सांगाची राहिली. बाकी सप्पे यंत्र मोजतेत. हे एकटंच मोजत नाही, हे देते. आता हे जे देते तेच खोटं निंगालं, तं पुढचे सप्पे चांगले यंत्र मिळून खोटंच मोजतीन.”

मला त्या वेळी ते बोलणं झोंबलं. लॅब असिस्टंटनं मॅडमला शिकवावं, आणि तेही बरोबर शिकवावं, हे पचायला कठीण असतं. पण मी हुशार होते, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच वाक्य माझ्या शब्दांत दुसऱ्या वर्गाला सांगितलं. यादोभाऊ मागच्या भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी मान डोलावली. त्या माणसाला आपलं वाक्य गेल्याचं काहीच वाटलं नाही, पोरांना समजलं एवढ्यावर तो खूश होता.

पुढची चार वर्षं मी त्यांच्याकडून चोरून शिकले, असंच म्हणायला हवं. सिग्नल जनरेटर कशाला लागतो, हे पुस्तकात पान भरून दिलेलं असतं. यादोभाऊंचं त्याला एवढंच होतं : “बहिऱ्याचा कान तपासाचा असन तं आपन मागून टाळी वाजवून पायतो ना? पन टाळी केवढी वाजवली, हे आपल्याले मालूम पाह्यजे. नाही तं कान खराब का टाळी खराब, कसं समजन?” ही टाळी म्हणजे जनरेटर. सेकंदाला किती वेळा वाजवायची ते एका बटणानं ठरतं, किती जोरानं वाजवायची ते दुसऱ्यानं, आणि तिचा आकार कसा हवा ते तिसऱ्यानं. गोल चढउताराची साइन लाट द्यायची आणि ॲम्प्लिफायरमधून ती तशीच गोल बाहेर येते का बघायचं. चौकोनी लाट द्यायची आणि तिचे कोपरे बघायचे. कोपरे झिजून गोल झाले की समजायचं, हा ॲम्प्लिफायर वरच्या फ्रिक्वेन्सीत मार खातो. “चौकोनी लाट लय चुगलखोर,” ते म्हणायचे, “सप्पं सांगून देते.” पोरं हसायची आणि हसता हसता कायमचं शिकायची. माझ्या तासाला ती फक्त उतरवून घ्यायची.

एकदा मी त्यांना विचारलं, दुकानाच्या काळात तुमच्याकडे जनरेटर कुठून आला? म्हणाले, “बनवला ना जी.” पत्र्याच्या डब्यात, भंगारातल्या सुट्या भागांचा. रेडिओच्या पोटातल्या छोट्या डब्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जुळवाव्या लागतात, ती फ्रिक्वेन्सी जनरेटरनं द्यायची आणि प्लास्टिकच्या पेचकसानं डबी फिरवत फिरवत आवाज सगळ्यात मोठा कुठं येतो ते धरायचं. पण घरी बनवलेल्या डब्याच्या काट्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यावर त्यांचा उपाय असा, की चांगल्या रेडिओवर नागपूर केंद्र लावायचं आणि आपला जनरेटर शेजारी ठेवून त्याच आकड्याकडे हळूहळू न्यायचा. दोन्ही जवळ आले की शिट्टी ऐकू येते. आणखी जवळ आले की शिट्टी जाड होते, घोगरी होते, आणि अगदी एक झाले की थांबते. तिथं आपल्या काट्यावर खूण करायची. हे सांगताना ते तोंडानं ती शिट्टी वाजवून दाखवायचे, उतरत उतरत, आणि शेवटी बोट वर करून गप्प व्हायचे. ती खरोखर ऐकण्यासारखी गोष्ट होती.

अशा माणसाच्या ताब्यात आमच्या लॅबचा एकुलता एक सिग्नल जनरेटर होता, आणि तो खोटं बोलायला लागला. पहिल्यांदा ते त्यांच्याच लक्षात आलं. लाईनीच्या विजेचे सेकंदाला पन्नास फेरे असतात, हे पोरांना दाखवावं म्हणून त्यांनी ट्रान्सफॉर्मरमधून उतरवलेली लाईन सीआरओच्या, म्हणजे लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, आडव्या बाजूला दिली आणि जनरेटर उभ्या बाजूला. दोन्ही सारखे झाले की पडद्यावर वर्तुळ येऊन थांबतं. काटा पन्नासवर होता, आणि वर्तुळ थांबायचं नाव घेईना. काटा बासष्टच्या पुढं गेला तेव्हा कुठं ते जागेवर उभं राहिलं. यादोभाऊंनी तीन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं तपासलं. मग माझ्याकडे आले. काटा दहा दाखवतो तेव्हा यंत्र खरे आठ देतं. आतला काही भाग जुना झाला आहे. उघडायची परवानगी मिळाली तर एका दुपारचं काम.

ती परवानगी कधी मिळाली नाही. याचं कारण डेड स्टॉक रजिस्टर नावाचं एक जाडजूड बाड आहे, ज्यात कॉलेजातली प्रत्येक वस्तू कोणत्या स्थितीत आहे ते दर मार्चला लिहायचं असतं. ‘नादुरुस्त’ लिहिलं की तपासणी समिती विचारते, मग या एका यंत्रावर वीस पोरांचे प्रयोग कसे घेता? ‘दुरुस्तीस पाठविले’ लिहिलं की बाकावरची जागा रिकामी दिसते. म्हणून प्राचार्यांनी सांगितलं, “चालू स्थितीत लिहा. चालू तर आहेच ना, लाइट लागतो.” मी लिहिलं. पुढच्या मार्चलाही लिहिलं आणि त्याच्या पुढच्याही. खाली सही माझी. यादोभाऊंनी मग त्यांच्या परीनं मार्ग काढला. काट्याखाली सेलोटेपनं एक चिठ्ठी चिकटवली, गोल गोल अक्षरात : ‘काटा १० = खरे ८.’ पोरं त्या चिठ्ठीप्रमाणे हिशेब करून आकडे लिहायची, आणि सगळं ठीक चालायचं. म्हणजे निदान जी पोरं प्रयोग करायची त्यांचं.

कारण आमच्याकडे बहुतेक पोरं प्रयोग करत नाहीत. हे वाचून कुणी दचकल्याचा आव आणू नये. मागच्या वर्षीच्या पोरांच्या जर्नल वह्या पुढच्या वर्षीच्या पोरांकडे येतात, त्यातले आकडे नव्या जर्नलमध्ये उतरतात आणि त्याखाली आम्ही सही करतो. वीस पोरं, एक यंत्र आणि तीन तास, म्हणजे एकाच्या वाट्याला नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत कोण काय मोजणार? आम्हाला हे ठाऊक होतं, पोरांना आम्हाला ठाऊक असल्याचं ठाऊक होतं आणि कुणालाच त्याची लाज वाटत नव्हती. वाटायची ती एकट्या यादोभाऊंना. ते प्रत्येक पोराच्या मागं उभे राहून एकच वाक्य म्हणायचे, “जे दिसते तेच लिवजो रे बापू. पुस्तकाचं पुस्तकापाशी.”

आठ वर्षांपूर्वी समिती यायची होती. आदल्या दिवशी प्राचार्य लॅबमध्ये फेरी मारायला आले आणि ती चिठ्ठी त्यांना दिसली. “हे काय आहे? यंत्रात दोष आहे म्हणून आपणच पाटी लावायची का?” यादोभाऊ तेव्हा स्टोअरमध्ये होते. मी नखानं सेलोटेप खरवडून चिठ्ठी काढली. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं.

“काढून टाकली का जी?”

“समिती गेली की परत लावू, यादोभाऊ.”

समिती आली, पाहुणचार घेतला, रजिस्टर चाळलं आणि समाधान व्यक्त करून गेली. चिठ्ठी लावायची मला आठवण राहिली नाही. पुढच्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती.

परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून एक्स्टर्नल म्हणून एक सर आले होते. बाकीचे प्रयोग बंद पडलेले होते म्हणून साऱ्या वीसजणांना एकच प्रयोग दिला होता, रेझोनन्सचा. कॉइल आणि कपॅसिटर जोडायचे, जनरेटरची फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत न्यायची आणि व्होल्टेज सगळ्यात जास्त कुठं येतो तो आकडा लिहायचा. सूत्राप्रमाणे उत्तर पाच किलोहर्ट्झ. एकेक पोरगा यायचा, काटा इकडून तिकडं फिरवायचा आणि जाऊन पाठ केलेले आकडे लिहायचा. यादोभाऊंना त्या दिवशी स्टोअरच्या कपाटापाशी थांबायचं काम होतं. सीआरओ होता, पण तो परीक्षेत कुणाला दिलेला नव्हता.

कोंढा गावची प्रणाली नावाची एक मुलगी होती. लाखनीत खोली करून राहायची, अबोल, मागच्या बाकावरची. चिठ्ठी लावलेली असताना तिच्या वाट्याला हे यंत्र कधी आलंच नव्हतं. तिनं तिची नऊ मिनिटं प्रामाणिकपणे वापरली. काटा सव्वासहावर असताना व्होल्टेज सगळ्यात जास्त आला. तिनं सव्वासहा लिहिलं.

सरांनी तिला उभं केलं. “हे सव्वासहा कुठून आणलं? सूत्र लावून बघ, किती येतात?”

“पाच येतात सर.”

“सगळ्यांचे पाच आले. तुझे सव्वासहा कसे?”

“सर, मले तिथंच आलं,” ती म्हणाली. सरांनी तिच्या पेपरवर लाल रेघ मारली. तेवढ्यात कपाटापासून आवाज आला.

“साहेब, पोरीचं चुकलं नाही जी. यंत्राचा काटा चुकते. तो सव्वासहा दाखवते तवा खरे पाचच देते. मी आत्ता दाखवतो तुमाले, दोन मिनिटं लागतेत.” बोलता बोलता यादोभाऊंनी सीआरओची केबल खुंटीवरून काढलीसुद्धा होती.

सरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही कोण?”

“लॅब असिस्टंट, साहेब.”

“यंत्र चुकतंय ना? मग बाकीच्या एकोणीस जणांचं बरोबर कसं आलं?”

याचं उत्तर त्या खोलीत बावीस जणांना माहीत होतं. वीस पोरं, यादोभाऊ आणि मी. त्याहून सोपा प्रश्न त्या परीक्षेत दुसरा नव्हता. एकोणीस माना खाली गेल्या. यादोभाऊंनी त्यातल्या एकाचंही नाव घेतलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, विनवणी नव्हती त्यात, नुसतं बघत होते, जसं वर्गात आपल्याला येणारं उत्तर दुसरा देणार आहे म्हणून माणूस निवांत थांबतो तसं. सरही माझ्याकडे वळले. “मॅडम, इंटर्नल तुम्ही आहात. यंत्र बरोबर आहे ना?”

मी तेव्हा कंत्राटी होते. मला कायम करायची फाईल प्राचार्यांच्या टेबलावर होती. रजिस्टरवर माझी सही होती, एकदा नाही, तीनदा. हे सगळं माझ्या डोक्यातून किती वेगानं गेलं ते आजही आठवतं, आणि त्याचा मला अभिमान नाही.

“हो सर,” मी म्हणाले. “रजिस्टरला चालू स्थितीत आहे.”

यादोभाऊंनी केबल गुंडाळली. नेहमीसारखी, कोपरावर फेरे घेऊन, टोकाची पिन आत खोचून. खुंटीला अडकवली आणि कपाटापाशी जाऊन उभे राहिले. प्रणाली नापास झाली. पुढच्या सत्रात ती पुन्हा परीक्षेला बसली तेव्हा तिनं एका मैत्रिणीची जर्नल मागून घेतली होती आणि तिचं उत्तर बरोबर पाच आलं. पंचवीसपैकी तेवीस गुण. त्यातले माझ्या हातात होते ते मीच दिले. शिक्षणावर माझा विश्वास नेमका कधी उडाला असं कुणी विचारलं, तर मी हीच वेळ सांगेन.

एक्स्टर्नल सरांनी जाताना तक्रार केली. परीक्षेच्या कामात अडथळा. यादोभाऊंना मेमो मिळाला आणि प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, “त्यांच्याकडून माफीनामा घ्या, विषय संपवू. मजकूर तुम्हीच करा, तुमची भाषा चांगली आहे.” मी केला. माझी भाषा खरंच चांगली आहे. ‘परीक्षेच्या वेळी माझ्याकडून जो प्रकार घडला त्याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे असा प्रकार घडणार नाही.’ यादोभाऊंनी कागद दोनदा वाचला.

“यात यंत्राचं काहीच नाही जी?”

“नको यादोभाऊ. उगाच वाढेल.”

“म्या काय केलं, तेबी नाही लिवलं.”

“नाही.”

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. माझ्याच टेबलावर. मी त्यांना ‘थँक यू’ म्हणाले, हे तर लिहितानाही तोंड कडू होतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या कमरेचा जुडगा काढून घेतला आणि त्यांना फाटकापाशी टेबल दिलं, उशिरा येणाऱ्या पोरांची नावं लिहायला. महामार्गावरून जाणाऱ्या-येणाऱ्या अख्ख्या लाखनीला ते टेबल दिसायचं. निवृत्तीपर्यंतची पाच वर्षं ते तिथं बसले आणि पाच वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून गेले. रोज ते उठून म्हणायचे, “नमस्कार म्याडमजी.” त्यांनी कधी टोमणा मारला असता, तोंड फिरवलं असतं, तर माझं सोपं झालं असतं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत ते रजा टाकून शेतावर जायचे, बायकोसोबत चिखलाच्या बांधीत उतरायचे. टेबल रिकामं दिसलं की मला बरं वाटायचं. इतकी माझी पत उतरली होती, माझ्याच नजरेत.

मी कायम झाले. ते निवृत्त व्हायच्या वर्षी नवा डिजिटल जनरेटर आला, हिरवे आकडे झळकणारा. जुना भंगारात काढायचा तर निर्लेखनाच्या फॉर्मवर दोषाचा रकाना भरावा लागतो. मी तिथं स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘डायल अचूक नाही.’ प्राचार्यांनी सही केली. कुणी काही विचारलं नाही. तीन शब्दांचं ते वाक्य पाच वर्षं आधी तोंडानं म्हणायचं होतं, बस.

यादोभाऊ गेल्यावर कॉलेजात शोकसभा झाली. दोन शब्द बोलायला मलाच सांगितलं, भाषा चांगली म्हणून. मी म्हणाले, ते मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, आज्ञाधारक होते. नंतर दोन मिनिटं शांतता पाळली. पोरं पायानं पाय खाजवत उभी होती. यादोभाऊ निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, त्यातल्या एकानंही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी तिथून निघाले आणि बस पकडून घरी आले.

त्यांच्या घरी जायला मला तेरवी उलटूनही दोन आठवडे लागले. घर लाखनीतच, महामार्गाच्या मागच्या बाजूला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी लाकडी बाक होतं, त्यावर एक उघडा रेडिओ आणि रांगेत लावलेले पेचकस. यादोभाऊंच्या पत्नी कौशल्यावहिनींनी मला ओळखलं. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, शेवटचा आजार, भंडाऱ्याचा दवाखाना, शेवटी काही बोलले का... मग त्या पदर सारखा करून म्हणाल्या, “म्याडम, एक इचारू का? राग नका मानजा.”

“विचारा ना वहिनी.”

“त्याइनं लॅबमधलं काय नेलं होतं जी?”

मला काही समजेना. त्यांनी समजावून सांगितलं. चाबी काढून घेतली, फाटकावर बसवलं, मग लोक काय म्हणतील? काहीतरी नेलं असन म्हणूनच ना. बाजारात म्हणाले, लग्नाकार्यात म्हणाले. वहिनींच्या सख्ख्या भावानं तोंडावर विचारलं. “आन मीबी माणूसच हाय ना जी,” त्या म्हणाल्या. “एक डाव ते कॉलेजात गेल्यावर म्या त्याइची पेटी उघडून पायली. सप्पी उलटीपालटी करून पायली. काहीच नोहोतं.”

मग मी सांगितलं. काटा, चिठ्ठी, प्रणाली, सरांचा प्रश्न आणि माझं उत्तर. माफीनामा कुणी लिहिला तेही. सांगताना माझी चांगली भाषा कुठं गेली कोण जाणे. सून कपबशी घेऊन दारात आली आणि सासूचा चेहरा बघून परत आत गेली. वहिनी माझ्याकडे न बघता बाकावरच्या त्या रेडिओकडे बघत होत्या.

“म्हणजे त्याइनं काहीच नाही केलं.”

“नाही. त्यांनी फक्त खरं सांगितलं.”

“तुमाले मालूम होतं.”

“हो.”

“म्या त्याइले इचारलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “एकच डाव. पेटी पायली त्या दिवशी. तं म्हणाले, म्याडमले इचारजो, त्याइले सप्पं मालूम हाय. त्या आल्या का सांगतीन.” त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. “मंग म्या वाट पायली. आठ वर्स झाले, तुमी आल्याच नाही.”

ओट्यावर भांडं वाजलं. बाहेर महामार्गावरून ट्रक गेले असतील, मला ऐकू आले नाहीत. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण वहिनींनी हात वर करून मला थांबवलं आणि आतल्या खोलीकडे वळून सुनेला हाक मारली. मग शेजारच्या घरात राहणाऱ्या आपल्या त्याच भावाला बोलावून आणायला तिला पाठवलं. ते आले, टोपी काढून दाराशी बसले. सून उंबऱ्यापाशी उभी राहिली.

“आता सांगा,” वहिनी मला म्हणाल्या. “पयल्यापासून सांगा. मोठ्यानं.”